वर्ग एक, मास्तर दोन

आठवीच्या वर्गात मी पहिल्यांदा टेपरेकॉर्डर नेला, तेव्हा मागच्या बाकांवरची पोरं पुढे येऊन जमिनीवर बसली. कॅसेटमधली बाई खास इंग्लंडच्या उच्चारात म्हणाली, ‘आय ॲम गोइंग टू स्कूल.’ साठ पोरांनी तिच्या सुरात सूर मिळवला. कॅसेट थांबवून मी विचारलं, ‘आय गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’ यांत फरक काय? सगळा वर्ग गप्प.

पुस्तकात उत्तर होतं. ‘मी जातो’ आणि ‘मी जात आहे’. पण काटोलच्या पोराच्या घरात ‘जात आहे’ असं कुणीच बोलत नाही. मी एकाला उभं केलं.

‘‘आता तू काय करून राहिला?’’

‘‘बसून राहिलो जी.’’

‘‘अन् रोज सकाळी काय करतो?’’

‘‘बाबासंग बगीच्यात जातो.’’

फळ्यावर दोन रकाने आखले. एकात ‘जातो’, दुसऱ्यात ‘जाऊन राहिलो’. पहिल्याखाली ‘गो’, दुसऱ्याखाली ‘ॲम गोइंग’. पाच मिनिटांत संत्र्याच्या बगीच्यातली सगळी कामं दोन्ही काळांत होऊन गेली. पुण्या-मुंबईच्या कानाला ‘करून राहिला’ हे रूप खटकतं, त्याला अशुद्ध म्हणून हसतातही. पण इंग्रजीतलं चालू काम दाखवायला आमच्या नागपुरी बोलीइतकं नेमकं रूप पाठ्यपुस्तकाच्या मराठीत मला सापडलेलं नाही. कॅसेटमधल्या बाईला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिच्याजवळ इंग्रजी होतं. ते पोर कुठे अडणार, हे मला माहीत होतं.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. परदेशातून आलेला मास्तर आणि इथला मास्तर एकाच वर्गात किंवा एकाच कामावर उभे राहतात, तेव्हा त्यांच्यात नेमकं काय घडतं? कोण कुणाला शिकवतं, आणि नाव कुणाचं राहतं? नागपूरपासून 60 किलोमीटरवरच्या आमच्या तालुक्यात बसून हा प्रश्न दूरचा वाटेल. पण त्याचा मागोवा घेत गेलं की पहिलाच माणूस आपल्या मुलखातला भेटतो.

वैजनाथशास्त्री कानफाडे हे त्यांचं नाव. नागपूरकडचे पंडित. ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांना देशी भाषा शिकवण्यासाठी 1800 साली कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. तिथे विल्यम कॅरी हे बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठीही शिकवत. जन्मानं इंग्रज आणि मूळ धंद्यानं चांभार असलेला हा मिशनरी मराठी शिकवू शकला, तो वैजनाथशास्त्र्यांच्या आधारानं. कॅरींचं मराठी व्याकरण 1805 साली छापलं गेलं. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी कॉलेजातल्या मुख्य मराठी पंडिताचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं आहे. पुढे 1810 साली कोश आला. 1814 ते 1816 या काळात वैजनाथशास्त्र्यांची ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ आणि ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ ही पुस्तकं निघाली. मराठी गद्य छापखान्यात शिरलं ते असं, आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर, बंगालात.

कॅरी माणूस उदार होता, पण कॉलेजची व्यवस्था तशी नव्हती. तिथल्या बंगाली विभागाचे पगार पाहिले म्हणजे हे कळतं. कॅरींना सुरुवातीला महिना 500 रुपये मिळत. मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांना 200, दुसऱ्या पंडिताला 100 आणि हाताखालच्या पंडितांना 40. ज्या भाषेसाठी कॉलेज काढलं, ती ज्याच्या जिभेवर होती त्याचा पगार सर्वांत कमी. हे गणित पुढे दोनशे वर्षं जगभर चालत आलं.

पश्चिमेकडे, मुंबई इलाख्यातही तसंच झालं. कॅप्टन मोल्सवर्थ यांच्या देखरेखीखाली शब्द गोळा करायला शास्त्री बसवले होते. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आणि इतर. या पंडितांचा मराठी-मराठी कोश 1829 साली निघाला आणि 1831 साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आला. आज आपण ‘मोल्सवर्थ’ म्हणतो तो हाच. त्याची 1857 ची दुसरी आवृत्ती अजूनही नव्यानं छापून विकली जाते. पंडितांचा कोश मात्र अभ्यासकांपुरता उरला. मोल्सवर्थ यांचं श्रेय मला कमी करायचं नाही. त्यांनी या कामात प्रकृती झिजवली. पण एखादा शब्द वाईकडे कसा वापरतात आणि कोकणात कसा, हे सांगणारी माणसं त्या खोलीत होती, म्हणून तो कोश जिवंत आहे.

आता खुद्द इंग्रजी शिक्षणाकडे येऊ. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1827 साली निवृत्त होऊन निघाले, तेव्हा शहरातल्या लोकांनी त्यांच्या नावानं निधी जमवला. दोन लाख रुपयांहून अधिक रक्कम उभी राहिली. तीतून इंग्रजी भाषा आणि युरोपातली शास्त्रं शिकवणारे प्राध्यापक विलायतेतून आणायचे ठरले. पण ठरावात एक अट घातली होती, आणि ती मला फार मोलाची वाटते. ही पदं विलायतेतल्या माणसांकडे राहावीत ती इथली माणसं ती सांभाळायला पुरती समर्थ होईपर्यंतच. म्हणजे परदेशी शिक्षक आणतानाच त्याच्या जाण्याची सोय लिहून ठेवली होती.

आर्थर ऑर्लेबार आणि जॉन हार्कनेस हे दोन प्राध्यापक 1835 साली आले. ऑर्लेबार यांच्याकडे गणित आणि सृष्टिशास्त्र, हार्कनेस यांच्याकडे साहित्य. त्यांच्याआधीच, 1834 साली, पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमले गेले होते. वय अवघं बावीस. 1832 साली सुरू केलेलं ‘दर्पण’ त्यांच्या नावावर होतंच. पद साहाय्यकाचं, पण वर्गातली गरज वेगळीच होती. ज्या मुलांना गणिताची मराठी परिभाषाच नव्हती, त्यांच्यासाठी ती घडवत शिकवायचं होतं. बाळशास्त्र्यांनी शून्यलब्धि म्हणजे कलनशास्त्रावर, भूगोलावर, व्याकरणावर मराठीत पुस्तकं लिहिली, ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहिलं. ऑर्लेबार नसत तेव्हा त्यांचा वर्गही घेतला. दादाभाई नौरोजी हे याच एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. ‘हिंदुस्थानची आशा’ असं त्यांना म्हटलं ते ऑर्लेबार यांनी, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत जांभेकरही होते.

या जोडीत केवळ सलोखाच होता असं मी म्हणणार नाही. त्या काळात इंग्रजी शाळेचं नाव निघालं की पालकांच्या मनात धर्मांतराची धास्ती असे. 1843 साली मिशनच्या शाळेतल्या नारायण शेषाद्री या तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत परत आला, तेव्हा त्याला शुद्ध करून घ्यावं म्हणून बाळशास्त्री उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. साहेबाच्या शेजारी उभं राहून शिकवणाऱ्या एतद्देशीय मास्तराला रोज दोन परीक्षा द्याव्या लागत. वर्गात साहेबापुढे आणि घरी परतल्यावर आळीपुढे. साहेबावर यातली एकच परीक्षा होती. 1845 साली बाळशास्त्र्यांकडे शिक्षक घडवण्याचा अध्यापक वर्ग आला आणि 1846 च्या मे महिन्यात, चौतिसाव्या वर्षी, ते गेले. 1855 साली दादाभाई एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1827 च्या अटीची पूर्तता व्हायला अठ्ठावीस वर्षं लागली.

आमच्या नागपुरात ही गोष्ट थोडी उशिरा आली. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप 1845 साली आले तेव्हा राज्य भोसल्यांचं होतं. 1846 साली त्यांनी शाळा उघडली, 1847 साली रॉबर्ट हंटर त्यांच्या मदतीला आले. कामठीच्या छावणीत मद्रासी पलटणी, त्यामुळे तिथे तमिळ आणि तेलुगू. शहरात मराठी आणि हिंदी. जंगलपट्टीत गोंडी. अशा ठिकाणी कुणाही एका माणसाला एकट्यानं शाळा चालवता येत नाही. हिस्लॉप स्वतः मराठी शिकले आणि देशी शिक्षकांच्या जोडीनं त्यांनी काम केलं.

हिस्लॉप आणि हंटर दोघेही सुट्टीच्या वेळात हातोडी घेऊन दगड फोडत हिंडत. नागपूरजवळ टाकळीला त्यांना जीवाश्म सापडले. नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा त्यांचा लेख लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला तो दोघांच्या नावानं. बरोबरच झालं. पण याच हिस्लॉप यांनी गोंडांचं लिंगोचं महाकाव्य एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या भाटाकडून, उतरवून घेतलं. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली प्रसिद्ध केले. त्यात तो परधान ‘एक परधान’ म्हणूनच आज लोकांना ठाऊक आहे. सोबत दगड शोधणाऱ्या साहेबाचं नाव लेखावर आलं, सबंध काव्य कंठस्थ असणाऱ्याचं नाव मागे पडलं. हिस्लॉप कपटी नव्हते, त्यांचं या मुलखावर प्रेम होतं. नाव कुणाचं लिहायचं याची त्या काळची सवयच तशी होती. 1883 साली निघालेल्या कॉलेजला हिस्लॉप यांचं नाव मिळालं, ते आजही आहे.

हे चित्र उलटंही झालेलं आहे. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात राहिल्या. तिथे त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. आता परकी शिक्षिका मराठी होती. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील त्यांच्या पाठीशी होत्या. पण रमाबाई पुरुषांनाही शिकवतील ही कल्पना हिंदुस्थानातल्या बिशपांना सोसवली नाही. त्यांनी विरोध केला. ज्या बाईनं कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत ‘पंडिता’ ही पदवी मिळवली होती, तिला पुरुषांपुढे उभं राहण्याची परवानगी लागावी! रमाबाईंनी पत्रांतून सडेतोड उत्तरं दिली. पुढे अमेरिकेतून पैसा उभा करून त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, आणि केडगावला मुक्ती मिशन उभारलं. तिथे 1898 पासून मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई त्यांच्या हाताखाली काम करत होती. संस्था कशी चालेल हे ठरवणारी बाई मराठी होती. या सगळ्या हकिगतींत मला सर्वांत समाधान देणारी हकिगत ही आहे.

जपाननं 1987 साली हाच प्रश्न सरकारी योजनेतून सोडवायचा प्रयत्न केला. पहिल्या वर्षी चार देशांतून 848 तरुण आणले. बहुतेकांनी शाळेत जपानी शिक्षकाच्या जोडीनं इंग्रजी शिकवायचं होतं. कागदावर परदेशी पाहुणा ‘साहाय्यक’ आणि जपानी शिक्षक मुख्य, म्हणजे फोर्ट विल्यमच्या नेमकं उलट. तरी अडचणी आल्याच. परीक्षा व्याकरणाची आणि भाषांतराची, पाहुणा आला तो बोलायला. दोघांना एकत्र बसून पाठ आखायला वेळ मिळेना. मग पाहुण्याला उभं करून नुसते उतारे वाचून घ्यायचे. असे तरुण स्वतःला ‘मानवी टेपरेकॉर्डर’ म्हणवून घेऊ लागले. हे वाचलं तेव्हा मला माझी कॅसेट आठवली. मी तिला जसं वापरलं, तसं तिकडे जिवंत माणसाला वापरलं जात होतं. जिथे दोघांनी आधी अर्धा तास बसून ठरवलं की कोण काय सांगणार, कुठे थांबणार, मातृभाषा कधी वापरणार, तिथे वर्ग रंगले. यात पगाराइतकंच महत्त्व त्या अर्ध्या तासाला आहे, असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. तेव्हापासून आमच्या जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणं झाली, परदेशी संस्थांचे तज्ज्ञही राज्यात आले. नवं शिकायला मिळालं, गाणी आणि खेळ आले, पोरं बोलू लागली. हा फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण तज्ज्ञाला शिक्षकाकडूनही काही घ्यायचं असतं, याला वेळापत्रकात जागा असायला हवी. ‘जरा’ आणि ‘जीव’ या शब्दांतले दोन ‘ज’ पोराच्या तोंडी आधीच आहेत. त्यांतला पहिला दाखवला की ‘झू’ सुटतो, दुसरा दाखवला की ‘जज’. आमच्याकडे ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतात, तेव्हा पोर ‘ळ’ लिहिताना का चुकतं, हे बाहेरच्याला कळायला वर्षं जातील. अशा शंभर गोष्टी काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वरच्या शिक्षकांच्या डोक्यात आहेत. त्या कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत याव्यात, शिक्षकाच्या नावासह याव्यात.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात आजोबा-पणजोबा, आई किंवा आत्या मास्तरकी करत असतील, मिशनच्या शाळेत, सरकारी शाळेत, कुठेही, तर त्यांच्या पाठांच्या टिपणवह्या, सर्व्हिस बुक, जुने फोटो रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहा, साहेबाचं आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मास्तराचंही. आणि त्याची एक प्रत तुमच्या गावच्या वाचनालयात नेऊन द्या.