मैदान, प्रयोगशाळा आणि चोवीस तास

‘बी.एस्सी.ला आलास ना, मग आता धावणे पुरे.’ हे वाक्य आपण शिक्षकांनी कधी ना कधी ऐकलेले असते, क्वचित उच्चारलेलेही असते. कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा सावरपाड्याच्या या मुलीचे आपल्या नाशिक जिल्ह्यात केवढे कौतुक झाले! पण नामपूरचा एखादा धावपटू विज्ञान शाखेला गेला, की त्याला दोहोंतले एक सोडायला सांगितले जाते. हा सल्ला शास्त्राला धरून आहे का?

आधी वेळेचा हिशेब मांडू. झोप ८ तास, महाविद्यालय ६, एस.टी.चा प्रवास २, सराव २, जेवण-आंघोळ वगैरे २. उरले ४ तास. म्हणजे वेळ अगदीच नाही असे नाही. अडचण दुसरीकडे आहे. वेळ कमी पडला की मुले हमखास झोपेतून उसना घेतात आणि तिथेच दोन्हीकडचे नुकसान होते.

शरीराची वाढ व दुरुस्ती घडवणारे वृद्धी संप्रेरक गाढ झोपेत मोठ्या प्रमाणात स्रवते. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे कामही बरेचसे झोपेतच चालते. शिवाय लांब पल्ल्याच्या सरावात स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा संपत येतो. तो भरून यायला सुमारे २४ तास लागतात, तेही भाकरी-भात पुरेसा पोटात गेला तरच. म्हणून पहाटे रिकाम्या पोटी धावून तसेच एस.टी. पकडणाऱ्या मुलाला अकराच्या तासाला डुलकी लागली, तर तो आळशी ठरत नाही.

अभ्यासाचेही असेच. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले, की पाठ केलेले पहिल्या तासाभरातच झपाट्याने विसरले जाते, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. खेळाडूला हे सोयीचेच आहे, कारण त्याच्याकडे सलग चार तास नसतात. अर्धा-अर्धा तास मात्र असतो.

एक उदाहरण पाहू. सौरभ नेत्रावळकर हा मुंबईचा डावखुरा वेगवान गोलंदाज. २०१०च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, तेव्हा तो मुंबईच्या सरदार पटेल तंत्रज्ञान संस्थेत संगणक अभियांत्रिकी शिकत होता. पुढे रणजी सामन्यात मुंबईकडून खेळला, पण संघात जम बसला नाही. २०१५ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेला आणि नंतर ओरॅकल कंपनीत अभियंता झाला. जून २०२४ मध्ये टी-२० विश्वचषकात अमेरिका-पाकिस्तान सामना बरोबरीत सुटला, तेव्हा सुपर ओव्हर त्याच्याच हाती दिली गेली. अमेरिकेच्या १८ धावांपुढे त्याने पाकिस्तानला १३ धावांवर रोखले. पदवी नसती, तर रणजीची दारे बंद झाल्यावर त्याच्यापुढे कोणता रस्ता उरला असता, याचा विचार पालकांबरोबर आपणही करावा. अर्थात हा मुलगा मुंबईचा. मैदान आणि महाविद्यालय एकाच शहरात. नामपूरच्या मुलाला ही सोय नाही, हेही खरे.

म्हणूनच शिक्षकाच्या हाती असलेली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमुळे आठवडा बुडाला, तर व्याख्यानाची टिपणे मित्राच्या वहीतून उतरवता येतात. रसायनशास्त्राचे अनुमापन मात्र उतरवून घेता येत नाही. ब्युरेट हाती धरून शेवटचा थेंब कुठे थांबवायचा, हे स्वतःच शिकावे लागते. प्रात्यक्षिकांचे दोन गट असतील, तर खेळाडूला त्या आठवड्यापुरते दुसऱ्या गटात बसू द्यावे. त्यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही. वर्षाच्या सुरुवातीला क्रीडा शिक्षकांकडून स्पर्धांच्या तारखा मागून त्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावल्या, की निम्मे काम झाले.