श्रवणबेळगोळच्या दोन मराठी ओळी

मराठीचे पहिले उपलब्ध वाक्य कोणते, या प्रश्नाला दीर्घकाळ एकच उत्तर दिले गेले : 'श्रीचावुंडराजें करवियलें'. हे वाक्य महाराष्ट्रात नाही, याचे अनेकांस प्रथम नवल वाटते. कर्नाटकातील हासन जिल्ह्यात, श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर गोमटेश्वराची सुमारे ५७ फूट उंचीची एकसंध पाषाणमूर्ती उभी आहे. तिच्या पायाशी, नागरी लिपीत, ही ओळ कोरलेली आहे. श्रीचावुंडराजाने करविले, एवढाच तिचा अर्थ. हा चावुंडराज म्हणजे गंग राजा राचमल्ल याचा मंत्री व सेनापती चामुंडराय होय. तो स्वतः कन्नड ग्रंथकार होता. त्याचा पुराणग्रंथ इ. स. ९७८ चा आहे.

कन्नड सेनापतीच्या मूर्तीखाली मराठी कशासाठी? याचे उत्तर तेथेच कोरलेले सापडते. हाच मजकूर कन्नडात आहे आणि तमिळातही आहे. ज्याला जी भाषा कळेल त्याने त्या भाषेत कर्त्याचे नाव वाचावे, अशी ही योजना दिसते. तीर्थक्षेत्री मराठी वाचणारे यात्रिक येत असावेत, हे अनुमान त्यातून सहज निघते.

मूर्तीची प्रतिष्ठापना इ. स. ९८१ ते ९८३ च्या सुमारास झाली असे मानतात. ओळीत कर्ता चामुंडराय, तेव्हा ओळही त्याच काळची, असे गृहीत धरून तिला शके ९०५ हा काळ देण्यात आला. ओळीवर मात्र शक कोरलेला नाही, ही गोष्ट अभिमानाच्या भरात मागे पडली.

शिवाय या ओळीला एक सोबतीण आहे : 'श्रीगंगराजे सुत्ताले करवियले'. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती. मूर्तीभोवतीचा प्राकार त्याने इ. स. १११७ च्या सुमारास बांधविला. म्हणजे मूर्तीनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. या दोन्ही नागरी ओळींच्या अक्षरांचे वळण एकच आहे. एकाच हाताने व एकाच वेळी त्या कोरल्या असतील, तर पहिली ओळ दुसरीहून जुनी असू शकत नाही. प्राकार पूर्ण झाल्यावर मूळ कर्त्याचे आणि नव्या कर्त्याचे नाव शेजारी शेजारी नोंदविले गेले, हे मत त्यामुळे अधिक सयुक्तिक ठरते.

भाषेच्या अभ्यासकाला दुसरी ओळ अधिक मोलाची वाटावी. 'सुत्ताले' हा शब्द मराठी नव्हे. कन्नडात 'सुत्तु' म्हणजे सभोवार. 'सुत्तालय' म्हणजे भोवतालची ओवरी अथवा प्राकार. कोरविणाऱ्याने शब्द कन्नड ठेवला, परंतु क्रियापद अस्सल मराठी घेतले. 'करवियलें' हे 'करणे' या धातूचे प्रयोजक भूतकाळी रूप आहे. कर्ता तृतीयेत, 'चावुंडराजें'. क्रियापद कर्त्याच्या मागे जात नाही. आज 'राजाने करविले' म्हणताना हीच रचना आपण वापरतो. 'चामुंड'चे 'चावुंड' होणे हे 'ग्राम'चे 'गाव' होण्यासारखे आहे, असेही कोणी म्हणेल. पण 'चावुंड' हे रूप कन्नडातही आढळत असल्याने त्या पुराव्यावर फार भार देऊ नये.

अग्रस्थानासाठी आता अन्य लेख पुढे आले आहेत. सोलापूर जिल्ह्यात, भीमा-सीना संगमावरील कुडल येथील शके ९४० चा लेख आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. अलिबागजवळील आक्षीचा लेख शके ९३४ चा मानतात. मात्र त्या शकाच्या वाचनाविषयी एकमत नाही. बेळगोळच्या ओळी तेवढ्या जुन्या नसतील. पण बाराव्या शतकात मराठी वाचणारा यात्रिक होयसळांच्या राज्यात इतक्या दूर येत होता, आणि त्याच्यासाठी वेगळी ओळ कोरणे तेथील लोकांना आवश्यक वाटले, ही माहिती आपल्याला दुसऱ्या कोणत्याही दगडाने दिलेली नाही.