आभाळातला तिठा

मुंबईहून एसटीने गोव्याला निघालात, तर हातखंब्याचा तिठा चुकणं शक्यच नाही. पाटी असते, टपऱ्या असतात, रत्नागिरीकडे जाणाऱ्यांची उतरायची गडबड असते. आभाळातही हवाईमार्ग असतात आणि तेही एकमेकांना छेदतात. पण तिथे ना पाटी, ना टपरी. पावसाळ्यात तर खालचा समुद्रही दिसत नाही. मग पायलटला आपण तिठ्यावर आलो हे कळतं कसं?

आधी त्याचा नकाशा बघू. त्यात रेघाच रेघा! रेघ म्हणजे हवाईमार्ग आणि तिच्यावरचा इवलासा त्रिकोण म्हणजे ठरलेली जागा. तिला पाच इंग्रजी अक्षरांचं नाव असतं. त्याला अर्थ नसला तरी चालतं, रेडिओवर झटकन म्हणता आलं पाहिजे. त्रिकोण भरीव असेल, तर तिथे पोचल्याचं कंट्रोलरला कळवावं लागतं. पोकळ असेल, तर त्याने विचारलं तरच.

आता जमिनीवरचे मदतनीस. व्हीओआर नावाची रेडिओ केंद्रं १०८ ते ११८ मेगाहर्ट्‌झवर बोलतात, म्हणजे आपला एफएम रेडिओ संपतो तिथून पुढे. केंद्र दोन संकेत सोडतं. एक सगळ्या दिशांना सारखा, दुसरा दिशेगणिक बदलणारा. विमानातलं यंत्र दोन्हींतला फरक मोजतं आणि सांगतं, ‘तू या केंद्रापासून अमुक अंशाच्या रेघेवर आहेस.’

रेघेवर, ठीक. पण रेघेवर कुठे? त्यासाठी दुसरं केंद्र लागतं. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे विमान!

अ‍ॅटलास आणि कोनमापक घ्या. समजा, आपली केंद्रं मुंबई आणि बेळगावला आहेत. मुंबईवरून दक्षिणेच्या ११ अंश पूर्वेकडे रेघ ओढा, बेळगाववरून उत्तरेच्या ४८ अंश पश्चिमेकडे. कापल्या ना रत्नागिरीजवळ? पायलट उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतो, त्यामुळे त्याच्या भाषेत हेच १६९ आणि ३१२ अंश. (खऱ्या नकाशात उत्तर होकायंत्राची धरतात, पण कोकणात तो फरक अगदी किरकोळ.)

बेळगावऐवजी गोवा घेतलात तर? मग दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक येतात आणि नेमका छेद कुठे, हेच कळत नाही. म्हणून आडवा छेद देणारं केंद्र बरं. त्यातही मुंबईच्या रेघेत एक अंशाची चूक झाली, तर रत्नागिरीपाशी तुम्ही चार किलोमीटर बाजूला!

डीएमई नावाचं यंत्र असेल, तर एकच केंद्र पुरतं. विमान रेडिओने हाक मारतं, केंद्र ओ देतं, आणि लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. रत्नागिरीवरून मुंबईला हाक जाऊन ओ यायला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत.

आता बरीचशी कामं उपग्रह आणि संगणक करतात. पण उपग्रहाचे संकेत फार क्षीण असतात, त्यांत व्यत्यय येऊ शकतो. म्हणून ही जुनी केंद्रं मोडीत निघालेली नाहीत.

आता बेळगाव सोडून कोल्हापूरवरून रत्नागिरीकडे रेघ ओढा आणि कोण जास्त आडवा छेद देतं ते मोजून आम्हाला कळवा.