नोंद कोणाची, तपासणी कोणाची?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आहे. आपल्या वस्त्यांतून कोर्टाच्या जागी पोलीस ठाणे घालून ती म्हटली जाते. घरात चोरी झाली तरी माणसे दहा वेळा विचार करतात. मुलगा रात्री घरी परतला नाही, तर आई आधी इस्पितळात चौकशी करते आणि मग ठाण्यात जाते. ही भीती अज्ञानातून येते, असे सुशिक्षित मंडळी सांगतात. आम्हाला ते पटत नाही. ती अनुभवातून आलेली आहे. परंतु त्या भीतीपायी एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. ठाण्याची खरी सत्ता तेथील दंडुक्यापेक्षा तेथील लेखणीत अधिक आहे. त्या लेखणीविषयी, विशेषतः आपल्या विद्यार्थी मित्रांसाठी, हे चार शब्द.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. बँकेचा एक साधा नियम आहे. ज्याने व्हाउचर लिहिले, त्याने ते पास करायचे नाही. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. यात कोणाचा अपमान नसतो. उलट प्रामाणिक रोखपालालाच या नियमाचा आधार वाटतो. एवढे करूनही बाहेरचा ऑडिटर येतो तो येतोच.

आता ठाण्याकडे पाहू. कोणाला आणले, किती वाजता आणले, आणले तेव्हा तो कोणत्या अवस्थेत होता, याची नोंद ठाण्याच्या डायरीत पोलीसच करतात. कोठडीत काही बरेवाईट घडले, तर वरिष्ठांना आणि वर्तमानपत्रांना पहिली हकिकत तेच देतात. आरोप पोलिसावर असला तरी तपास बहुतेक वेळा त्याच खात्याचा दुसरा अधिकारी करतो. म्हणजे व्हाउचर लिहिणारा, ते पास करणारा आणि ऑडिट करणारा एकाच घरचा. अशा बँकेत आपण पैसे ठेवू का? येथे तर माणूस ठेवायचा असतो.

ही व्यवस्था चुकून अशी झालेली नाही. सारावसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करवण्यासाठी लोकांचा छळ होतो काय, हे पाहण्यासाठी मद्रास इलाख्यात एक आयोग बसला होता. त्याने १८५५ साली अहवाल दिला आणि छळ होतो हे मान्य केले. त्यानंतर दोनच वर्षांनी उठाव झाला आणि सरकारची दृष्टी पालटली. १८६१ च्या पोलीस कायद्याने जे दल उभे राहिले, ते राज्यकर्त्यांचा हुकूम राखण्यासाठी. त्याने जबाब द्यायचा तो वरच्या साहेबाला. रयतेला जबाब देण्याची तरतूदच नव्हती. १९०२-०३ साली फ्रेझर आयोगाने हे दल भ्रष्ट आणि जुलमी असल्याचे लिहिले. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबई राज्याने आपला स्वतंत्र पोलीस कायदा केला, पण साचा फारसा बदलला नाही. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत एकामागून एक आठ अहवाल दिले. ते कपाटात गेले. अखेर १९९६ साली प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनाच सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. जन्मभर खाकी वर्दी घातलेल्या माणसाला खाते सुधारावे म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली, यातच सारे आले.

आपल्या समाजाला हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात परमपूज्य बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांनी पाहिला. माणसे घराबाहेर आली, द्रुतगती महामार्गावर जमली. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. दहा जण मृत्यू पावले, सव्वीस जण जखमी झाले. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले.

त्या दिवशी पोलिसांच्या कागदावर काय आले? जमाव महामार्गावरचे गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असे आले. पहिली हकिकत ही अशी पसरली आणि मेलेली माणसेच जणू आरोपी ठरली. ती खोडून काढायला किती काळ लागला, तो हिशेब विद्यार्थ्यांनी मुद्दाम करावा. न्यायमूर्ती गुंडेवार आयोग नेमला गेला. गोळीबार समर्थनीय नव्हता असे ठरवून आयोगाने तुकडीचे प्रमुख उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरले. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. चौकशी आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. त्याचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतो आणि त्याच्या अहवालावरून कोणाला शिक्षा होत नाही. फौजदारी खटला वेगळा चालवावा लागतो, साक्षीदारांना पुन्हा उभे राहावे लागते. तो खटला चालून सत्र न्यायालयाने कदम यांना दोषी ठरवून जन्मठेप सुनावली ती मे २००९ मध्ये. त्यानंतर थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. घटना ते निकाल, जवळजवळ बारा वर्षे. त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर माध्यमिक शाळेत गेले होते.

रमाबाई नगरात निदान शेकडो डोळे साक्षीला होते. कोठडीत तेही नसतात. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचे मथुरा प्रकरण सर्वांना माहीत आहे. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूरला उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिचा विरोध नव्हता, असा तर्क करून. रात्रीच्या वेळी, ठाण्याच्या चार भिंतींत, गणवेशातील माणसापुढे एक अशिक्षित मुलगी कसा विरोध करणार, हा प्रश्न कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये उघड पत्र लिहून विचारला. देशभर महिला संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील अशा गुन्ह्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचे. कागद ज्याच्या हाती, त्याच्यावरच खुलाशाचा भार टाकण्याची ही आपल्याकडची एक मोठी सुरुवात होती.

पुढची पावले एका आईच्या पत्राने पडली. ओरिसातील निलाबती बेहेरा यांच्या बावीस वर्षांच्या मुलाला १ डिसेंबर १९८७ रोजी पोलिसांनी नेले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वे रुळावर सापडले. तो पळून गेला आणि गाडीखाली आला, असे पोलिसांचे म्हणणे. या बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका मानले. १९९३ मध्ये निकाल देऊन दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि ताब्यातील माणसाच्या जिवाला राज्य जबाबदार आहे, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने कोठडीतील मृत्यू चोवीस तासांत कळवलाच पाहिजे, असे फर्मावले. मग १८ डिसेंबर १९९६ चा डी. के. बसू खटल्याचा निकाल आला. त्यातील अकरा सूचना आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असाव्यात, असे आम्हाला वाटते. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद जागेवरच तयार व्हावा. त्यावर वेळ व तारीख घालावी, घरच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यावी, अटक झालेल्याचीही घ्यावी. अंगावर जखमा असतील तर त्यांची नोंद त्याच वेळी व्हावी. दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी व्हावी. नातलगाला कळवावे. या साऱ्या कागदांच्या प्रती दंडाधिकाऱ्याकडे जाव्यात. बारकाईने पाहिले तर ही तिजोरीची दुसरी किल्लीच आहे. साक्षीदार, डॉक्टर आणि दंडाधिकारी ही ठाण्याबाहेरची माणसे त्या नोंदीत आणून बसवली आहेत.

किल्ली असून भागत नाही, ती फिरवावी लागते, हे परभणीने दाखवले. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. पकडलेल्यांत कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. त्याला श्वसनाचा आजार होता, असे सरकारच्या वतीने सांगितले गेले. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनेही पोलिसांकडे बोट दाखवले. तरी गुन्हा नोंदवला जात नव्हता. त्या तरुणाच्या आईने औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली, अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली. कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्याने करावी असे कायदा सांगतो, पण त्या अहवालाचे पुढे काय करायचे याबाबत तो मौन पाळतो, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलै रोजी तेथेही त्याची विनंती फेटाळली गेली. निलाबती बेहेरांच्या पत्रानंतर इतक्या वर्षांनीही आईलाच उभे राहावे लागले.

मारहाणीविषयी आपण तावातावाने बोलतो, पण लाचेचा विषय हसून सोडून देतो. वास्तविक दोन्ही एकाच वहीतून निघतात. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली, तर ती एफ.आय.आर. म्हणून लिहिलीच पाहिजे, असे ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली घटनापीठाने ठरवले. चौकशीला सवलत आहे ती काही ठरावीक प्रकारांत. ठाण्यात मात्र पुष्कळदा एन.सी. करून, म्हणजे अदखलपात्र म्हणून, बोळवण होते, नाहीतर साधा अर्ज ठेवून घेतात. अर्ज नोंदीत नसला की त्याची किंमत ठरवता येते. गुन्हा लिहायला एक दर, न लिहायला दुसरा. बँकेत पावतीशिवाय पैसे घेतले की अफरातफरीला जागा होते. ठाण्यात पावतीशिवाय तक्रार घेतली की हप्त्याला जागा होते. कोणी म्हणेल, लाच तर दिलेली असते, मग ती पंचशीलातील अदिन्नादानात कशी बसेल? भीतीने काढून दिलेले ते दिलेले नव्हे, असेच आम्ही समजतो.

आपली अनेक मुले पोलीस दलात आहेत, ती चांगले काम करतात, आणि हे लिहिताना आम्हाला त्यांचाही विचार आहे. सण-उत्सवांचा बंदोबस्त, ड्यूटीचे न संपणारे तास, गळकी क्वार्टर्स. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतील पोलिसांनी आंदोलन केले, तेव्हा ते मोडून त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली गेली. वरून तोंडी हुकूम येतो आणि चौकशीत खालचा शिपाई सापडतो. नोंद चोख असेल तर त्याचेही रक्षण होईल.

प्रकाश सिंह खटल्याचा निकाल २००६ मध्ये लागला. त्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यास सांगितले होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात तशी तरतूद केली. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. आपल्यातील किती जणांनी या प्राधिकरणाचे नाव ऐकले आहे, हे सभासदांनी स्वतःला विचारावे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, पण त्याचे चौथे कलम आपल्या कार्यकर्त्यांच्याही वाचनात क्वचित येते. तक्रार जाणूनबुजून न नोंदवणारा लोकसेवक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर त्यालाच सहा महिने ते एक वर्षाची शिक्षा होऊ शकते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीचे कारण पुढे करता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. कलमांचे आकडे बदलले, तरी पुढील गोष्टी कायम आहेत वा नव्याने पक्क्या झाल्या आहेत. अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. त्या वेळी मारहाण झाली असेल तर मुलाने तेथेच मोठ्याने सांगावे आणि डॉक्टरी तपासणी मागावी. ठाण्यातल्या कबुलीला पुरावा म्हणून किंमत नाही. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर स्त्रियांना, पंधरा वर्षांखालील मुलांना आणि साठ वर्षांवरील वृद्धांना ठाण्यात बोलावता येत नाही, घरी यावे लागते. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते.

ठाण्यात जाताना एकट्याने जाऊ नये. अर्ज दोन प्रतींत न्यावा, आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का मागावा. शिक्का नाकारला तर वाद घालत बसू नये. तोच मजकूर, कोणत्या दिवशी किती वाजता कोणी नकार दिला हे लिहून, पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात आयुक्तालयाला त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवावा. तेथूनही काही हालचाल झाली नाही, तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करताना ती टपालाची पावती सोबत जोडावी लागते. ती नीट जपून ठेवावी.