‘शंभरपर्यंत’ म्हणजे शंभर धरून की सोडून? कोडिंगमधला छोटा प्रश्न, बिलातला घोळ

मुलुंडमध्ये राहत असाल तर महावितरणचं बिल ओळखीचं असेल. घरगुती विजेला १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा. शंभरावं युनिट कुठल्या टप्प्यात? अर्थात पहिल्या. हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. कम्प्युटरला मात्र सांगावं लागतं.

नेमकं काय बिघडतं?

पायथन या भाषेत रेंज(१, १००) लिहिलं, तर मोजणी १ पासून सुरू होते आणि ९९ वर थांबते. शेवटचा आकडा धरला जात नाही. समजा, नवख्या प्रोग्रामरने बिलावरचे टप्पे जसेच्या तसे लिहिले: १ ते १०० आणि १०१ ते ३००. घरात ३०० युनिट जळले, तरी पहिल्या टप्प्यात ९९ आणि दुसऱ्यात १९९ मोजले जातील. एकूण २९८. दोन युनिट गायब, आणि स्क्रीनवर एररही नाही. अशा चुकीला ‘ऑफ बाय वन’ म्हणतात.

मग असा नियम का ठेवला?

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये या पद्धतीची बाजू मांडली. सुरुवात धरायची, शेवट सोडायचा आणि मोजणी शून्यापासून करायची. म्हणजे टप्पे होतात ० ते १०० आणि १०० ते ३००. वजाबाकी केली की १०० आणि २००. बेरीज बरोबर ३००. एक टप्पा जिथे संपतो तिथूनच दुसरा सुरू होतो. मध्ये फट नाही, काही दोनदा मोजलंही जात नाही.

सगळ्या भाषांत हेच का?

नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. कोटलिनमध्ये १..१० लिहिलं तर १० धरला जातो, रस्टमध्ये तेच लिहिलं तर सोडला जातो. रस्टमध्ये १० हवा असेल तर १..=१० लिहायचं. तीन टिंबं दिली, १...१०, तर रुबी १० सोडते आणि स्विफ्ट धरते!

म्हणून भाषा बदलली की आधी एकच प्रश्न विचारायचा: शेवटचा आकडा धरून की सोडून? आणि कोड तपासताना ५० किंवा २०० टाकून समाधान मानायचं नाही. १००, १०१, ३००, ३०१ टाकून बघायचं. चूक बहुतेक वेळा काठावरच सापडते.