कणीस भाजताना काय होतं?

उकडलेलं कणीस गोड लागतं, पण खमंग नाही. दोष पाण्याचा. उकळतं पाणी १०० अंशांपुढे जात नाही आणि खरपूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. निखाऱ्यावर दाण्याची साल आधी कोरडी पडते, मग तापते. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातून तपकिरी, सुवासिक संयुगं तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं. सिंहगडावरच्या कणीसवाल्या मावशी पुठ्ठ्याने वारा घालत राहतात, कारण प्राणवायू मिळाला की निखारा लालबुंद होतो. मध्येच एखादा दाणा फटकन फुटतो, तो आत कोंडलेल्या वाफेने.

घेताना दाण्यात नख रोवून बघा. दुधासारखा रस आला तर घ्या. नख रुतलंच नाही तर कणीस जून. तोडल्यापासून साखरेचं पिष्ट होऊ लागतं, उन्हात तर भराभर. स्वीट कॉर्नमध्ये जनुकीय बदलामुळे साखर जास्त टिकते. तरी निखाऱ्यावर मला देशी मकाच हवा, स्वीट कॉर्न भाजूनही पिचपिचीतच लागतं. आणि तिखट-मिठात बुडवलेली लिंबाची फोड शेवटीच फिरवावी. ओल्या सालीवर रंग लवकर चढत नाही.