शब्द हरपले तरी जाणीव उरते : भाषेच्या उगमाचा शोध

बेंगळुरू : पक्षाघातानंतर बोलता न येणाऱ्या रुग्णाला काही कळतही नसावे, असे घरातील मंडळी अनेकदा गृहीत धरतात. प्रत्यक्षात वाचाघात झालेले अनेक रुग्ण आप्तांना ओळखतात, हिशेब करतात, बुद्धिबळही खेळू शकतात. भाषा आणि जाणीव या एकच गोष्ट नाहीत, याचा हा ठळक पुरावा आहे.

फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ‘तान’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी केली. त्यांना मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढील बाजूस इजा आढळली. आज जयनगरपासून जवळच असलेल्या ‘निम्हान्स’ संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेले मानवी मेंदू पाहता येतात. आदिमानवाचा मेंदू मात्र असा उरलेला नाही आणि त्याचे बोलणेही हवेत विरले. त्यामुळे भाषेच्या उगमाचा शोध अप्रत्यक्ष पुराव्यांवरच अवलंबून आहे.

असा एक पुरावा कर्नाटकातच आहे. यादगीर जिल्ह्यातील इसामपूर येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी चुनखडीच्या दगडापासून हातकुऱ्हाडी घडवण्याची जागा उत्खननातून उजेडात आणली. तिचे वय सुमारे १२ लाख वर्षे मानले जाते. योग्य दगड निवडणे, टप्प्याटप्प्याने तो घडवणे आणि हे कौशल्य पुढील पिढीला देणे यासाठी नियोजन आणि शिकवण लागते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८४ जणांना दगडी हत्यारे बनवण्यास सांगण्यात आले. नुसते पाहून शिकणाऱ्यांपेक्षा बोलून शिकवलेल्यांची प्रगती सरस ठरली. हत्यारे घडवण्याच्या गरजेनेच संवादाला चालना दिली असावी, असा तर्क त्यातून मांडला गेला.

इस्रायलमधील केबारा गुहेत १९८३ मध्ये सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीचा निअँडरथल मानवाचा सांगाडा सापडला. त्याच्या गळ्यातील, जिभेला आधार देणारे हाड आधुनिक मानवाच्या हाडासारखेच आहे. तरीही मतभेद कायम आहेत. नोम चॉम्स्की यांच्या मते भाषेची क्षमता अलीकडच्या काळात, तुलनेने अचानक उदयास आली. इतर अनेक अभ्यासक खाणाखुणा, अनुकरण आणि उच्चार अशी संथ वाटचाल मानतात.

जाणिवेची मुळे याहून खोल असावीत. पक्षी व सस्तन प्राण्यांकडेही जाणिवेसाठी लागणारी मेंदूरचना आहे, असे २०१२ च्या केंब्रिज जाहीरनाम्यात वैज्ञानिकांनी नमूद केले. भाषेने जाणीव निर्माण केली नाही. तिला भूतकाळ, भविष्य आणि दुसऱ्याचे मन यांपर्यंत पोहोचवले, असे म्हणता येईल. म्हणूनच वाचा गेलेल्या रुग्णाशी चित्रे, खुणा आणि परिचित शब्दांतून संवाद सुरू ठेवणे आवश्यक ठरते.